पाण्याच्या पायऱ्या : प्रस्तावना

अंबडच्या माणसाला पाण्याकडे जाणे म्हणजे खाली उतरणे, ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. अहिल्याबाई होळकरांचे नाव ज्यांच्याशी कायमचे जोडले गेले आहे, त्या आमच्या कसब्यातील बारवांच्या काळ्या पायऱ्या उतरतच आमच्या आज्यापणज्यांनी घागरी भरल्या. आणि मला आठवते ते वैशाखातले दृश्य असे, की वर माथा तापवणारे ऊन, पाय टेकवताच चटका बसावा असा दगड, परंतु आईचे बोट धरून एकेक पायरी खाली जावे तसतसा तो दगड निवत जाई, उजेड मवाळ होई, बोललेला शब्द गोल होऊन परत येई, आणि शेवटल्या पायरीशी जे हिरवट, निश्चल, थंड पाणी भेटे त्यात हात घालण्यापूर्वी आई ते आधी कपाळाला लावी. देव वर चढून भेटतो आणि पाणी खाली उतरून, अशी माझ्या बालपणीच्या भूगोलाची सरळ वाटणी होती. कारण गावची देवी मत्स्योदरी टेकडीवर बसलेली, आणि त्या टेकडीचा आकार माशासारखा असल्यामुळे, पाण्यासाठी आसुसलेल्या आमच्या मुलखात एक मत्स्य युगानुयुगे आभाळाकडे पाहत पडला आहे, असे मला वाटत असे.

हे सारे आठवण्याचे कारण, ज्या लहानशा पुस्तकाला ही प्रस्तावना जोडली जात आहे, त्याचा विषयही पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांचाच आहे. भेद इतकाच, की या पायऱ्या कोणा राणीने बांधविल्या नाहीत, पाण्याने त्या स्वतःच सह्याद्रीच्या कातळात खोदल्या आहेत. आमच्या तालुक्यातील चार तरुण, ज्यांपैकी एक मोसंबीचा बागायतदार, एक कालव्यावरच्या नोकरदाराचा मुलगा आणि दोघे शाळामास्तर आहेत, गेली काही वर्षे पावसाळा सरला की जाणत्या वाटाड्यांच्या संगतीने डोंगरातल्या घळींतून, ओढ्याच्याच वाटेने, धबधब्यामागून धबधबा दोरावर उतरत जातात, आणि प्रत्येक उतरणीची तपशीलवार नोंद एका वहीत करून ठेवतात. ती वही छापावी असे ठरले तेव्हा, त्यांच्यातील दोघांना मी कधीकाळी भूगोल शिकविला होता एवढ्या हक्कावर, प्रस्तावनेची कामगिरी माझ्याकडे आली. ज्या वाटेने आपण गेलो नाही तिची शिफारस लोकांना करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. म्हणून नवरात्रातली मत्स्योदरीची यात्रा आटोपल्यावर, कोजागिरीच्या सुमारास, साठीच्या उंबरठ्यावरचा मी त्यांच्याबरोबर गेलो, उतरलो, भिजलो, भ्यालो, आणि मगच लेखणी हाती घेतली.

प्रथम नावाचा विचार करू. पाश्चात्त्य देशांत या उपक्रमाला कॅन्यनिंग म्हणतात आणि आमची मुलेही तोच शब्द वापरतात. त्याला माझी हरकत नाही, कारण जो शब्द दोरावर लोंबकळताना तोंडी येतो तो त्या कामाचा खरा शब्द होय. परंतु ज्या जागी हे काम चालते तिच्यासाठी मराठीइतकी बारकाईने भेद करणारी शब्दसंपत्ती क्वचितच आढळेल : डोंगराच्या दोन अंगांमधली अरुंद ती घळ, कड्यातून सरळ खाली कोसळणारी ती नाळ, उतारावरून पाणी वाहून झालेली ती ओघळ, पाणी साठून गूढ झालेला तो डोह, कातळात कोरलेले ते कुंड, आणि दगडगोटे भोवऱ्यात फिरून फिरून झालेले ते रांजणखळगे, ज्यांचे विलक्षण दर्शन कुकडी नदीच्या पात्रात निघोज येथे घडते. उतरण्याच्या क्रियेसाठी मात्र मला संगीतातला शब्द घ्यावासा वाटतो, तो म्हणजे अवरोह. आमचे अंबड दत्तजयंतीच्या संगीतोत्सवाचे गाव आहे, त्यामुळे येथल्या रसिकाला हे सांगणे नको, की अवरोह म्हणजे आरोहाची उलटी नक्कल नव्हे. देस रागात वर जाताना गांधार आणि धैवत वर्ज्य असतात, परंतु खाली येताना तेच स्वर आपली जागा घेतात आणि निषाद कोमल होतो. म्हणजे उतरताना जे भेटते ते चढताना भेटलेलेच नसते. डोंगराचेही तसेच आहे. आम्ही गडावर चढतो तेव्हा पाण्याची वाट टाळून सोंडेने, धारेने, पायवाटेने जातो. पाण्याने स्वतःसाठी राखलेला डोंगराचा जो अंतर्भाग, तो चढणाऱ्याला वर्ज्य असतो आणि फक्त उतरणाऱ्याला प्राप्त होतो.

या अंतर्भागाची घडण समजून घेतल्याशिवाय पुढील पाने वाचू नयेत, असे माझ्यातल्या मास्तराचे सांगणे आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हारस थरावर थर पसरत गेला आणि त्याच्या थिजण्यातून दख्खनचे पठार उभे राहिले. या खडकाला भूशास्त्रज्ञ जे ट्रॅप म्हणतात तो शब्दच मुळी जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. हे थर सर्व सारखे नाहीत. एक घट्ट, निळसर काळा, घणालाही दाद न देणारा. तर दुसरा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, त्या छिद्रांत पांढरी खनिजे भरलेला आणि तुलनेने ठिसूळ. आणि क्वचित दोहोंच्या मध्ये लाल मातीचा एक पातळ पट्टा. पाणी घट्ट थरावरून वाहत येते, त्याच्या कडेवरून खाली पडते, खालच्या ठिसूळ थराला पोखरते, आधार सुटलेला वरचा खडक ढासळतो, आणि अशा रीतीने धबधबा आपल्या पायथ्याशी एक कुंड आणि पुढे एक घळ ठेवीत शतकानुशतके मागे मागे सरकत जातो. धबधबा, कुंड, सपाट कातळ, पुन्हा धबधबा, हा जो क्रम उतरणाऱ्याला एखाद्या प्रचंड बारवेसारखा भासतो, त्याचे कारण हेच. आमच्या बारवेचा चिरा ज्या खडकातून काढला, त्याच खडकात पाण्यानेही आपली बारव खोदली आहे.

मराठवाड्यातही या शिल्पाची उदाहरणे आहेत, हे आमच्या लोकांनी विसरू नये. अजिंठ्याची लेणी ज्या नालाकृती दरीत कोरली आहेत ती वाघूर नदीने घडविलेली असून तिच्या शिरोभागी सात कुंडांतून पाणी उतरते. वेरूळला 29 व्या लेण्याशेजारी पावसाळ्यात धारा कोसळते. बीड जिल्ह्यात सौताडा येथे विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते आणि मन्मथस्वामींच्या समाधीपाशी कपिलधारेचा प्रपात आहे. आमच्या भिक्षूंनी आणि संतांनी दरीचा तळ तपश्चर्येसाठी निवडला, यात पाण्याच्या सान्निध्याइतकाच त्या बंदिस्त नादाचाही वाटा असला पाहिजे. परंतु वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होणाऱ्या अंबडच्या माणसाला पाण्याची खरी शक्ती पाहावयाची असेल, तर त्याने घाटमाथ्याकडे जावे, जेथे घाटघरसारख्या गावी आमच्या कित्येक पट पाऊस चार महिन्यांत कोसळतो.

या प्रवासाची वाट मी मुद्दाम निवडून घेतली. अंबडहून निघावे, पाचोडमार्गे पैठण गाठावे, तेथून शेवगाव, नेवासे, संगमनेर, अकोले, राजूर करीत भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला पोहोचावे. म्हणजे प्रवरेच्या प्रवाहाच्या उलट, तिच्या मुळाकडे जावे. या नदीने मराठी वाङ्मयाला जे दिले त्याचा हिशेब कोणत्या दप्तरात मांडावा? तिच्या तीरावर नेवासे येथे शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ती गोदावरीला मिळाल्यावर पुढे पैठणास एकनाथांचे वास्तव्य. आणि आणखी पुढे, एके काळी आमच्याच तालुक्यात मोडणारे जांब, जेथे 1608 मध्ये रामदासांचा जन्म झाला. असे हे पाणी, की ज्याच्या उगमापाशी रतनगडाच्या पायथ्याला अमृतेश्वराचे काळ्या पाषाणाचे देऊळ आणि देवकोष्ठांनी वेढलेली पुष्करणी उभी आहे. त्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर मी पहिल्या संध्याकाळी बसलो, तेव्हा मला वाटले, आपण घरची बारव सोडून दूर आलोच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, वनखात्याची परवानगी हाती असता, आम्ही एका ओढ्याच्या घळीत शिरलो. हा सारा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्याने ही औपचारिकता टाळू नये, असे लेखकांनी पुस्तकात निक्षून लिहिले आहे. आमचा म्होरक्या गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण घेतलेला तरुण होता, आणि त्याच्याही पुढे, अनवाणी पायांनी, महादेव कोळी समाजातले एक वृद्ध वाटाडे चालत होते, ज्यांना सगळे बाबा म्हणत. एकाला दोराचे शास्त्र अवगत होते, दुसऱ्याला ओढ्याचा स्वभाव. आणि मार्गदर्शनाखाली उतरणे याचा खरा अर्थ या दोन विद्यांच्या संगमावर विश्वासून चालणे, हे मला त्या दिवशी कळले.

पहिल्या धबधब्याच्या काठावर कंबरेला हार्नेस, डोक्याला शिरस्त्राण आणि दोराला उतरणीचे साधन अडकवून मी उभा राहिलो, तेव्हा शिकविलेले सर्व विसरायला झाले. शिकविले होते ते थोडके आणि अचूक होते : पाय खांद्याइतके फाकवावेत, पाठ दरीकडे टाकावी, गुडघे ताठ न ठेवता तळवे कातळाला पूर्ण टेकवावेत, खालचा हात दोरावरून क्षणभरही सोडू नये. शरीर मात्र जन्मभर उलटेच शिकलेले असते. कडा दिसली की ते कातळाला बिलगू पाहते, आणि जो बिलगतो त्याचेच पाय निसटतात. मागे रेलण्याचा तो एक क्षण, ज्यात माणूस जमिनीवरचा आपला हक्क सोडून दोरावर आणि दोर धरणाऱ्यावर भार टाकतो, तो मला आयुष्यातल्या मोजक्या प्रामाणिक क्षणांपैकी एक वाटतो. मग पाणी अंगावर आले. ते थंड होते हे सांगून काहीच सांगितल्यासारखे होत नाही. ते जड होते. घागरीत, नळात, पाटात ज्याचे वजन आपण ओझे म्हणूनच जाणतो, तेच पाणी वरून पडताना खांद्यावर हात ठेवून खाली दाबत होते, आणि त्याच्या गजराखाली माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मान खाली घातली की शिरस्त्राणाच्या कडेखाली श्वासापुरती पोकळी राहते, हे सांगितलेले त्या क्षणी आठवले आणि उपयोगी पडले.

तिसऱ्या उतरणीवर माझी चूक झाली. धारेचा मारा चुकवावा म्हणून मी उजवीकडे कोरड्या कातळावर सरकलो, शेवाळावर पाय घसरला, आणि दोराला टांगलेला मी लंबकासारखा झोका घेऊन थेट धारेच्या मध्यभागी जाऊन अडकलो. वर शिट्टी वाजली, आणि काय होते आहे हे मला उमगण्यापूर्वी दोरच खाली सरकू लागला. मी काहीही न करता कुंडात उतरविला गेलो. जाणता म्होरक्या दोर वरच्या खुंट्याला असा बांधतो, की उतरणारा अडकला तर वरूनच त्याला सोडीत नेता यावे, हे मला मागाहून समजावण्यात आले. कोरड्या कड्यावर दोराला अडकून राहणे ही सुरक्षितता ठरू शकते. धबधब्यात तेच प्राणघातक होते, कारण पाणी अडकलेल्या माणसासाठी थांबत नाही. म्हणूनच धबधब्याखाली कुंड असेल तर दोराच्या टोकाला गाठही ठेवीत नाहीत आणि दोराची लांबी पाण्याच्या पृष्ठभागाइतकीच राखतात, म्हणजे तळाशी पोहोचलेल्याला पटकन मोकळे होऊन पोहत बाहेर पडता येते. कुंडातून मी बाहेर आलो तेव्हा बाबा काठावर उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "पाण्याशी भांडू नका, गुरुजी. ते सांगंल तिकडं सरा." या पुस्तकातील सर्व तंत्राचा सारांश याहून संक्षेपाने मला सांगता येणार नाही.

आणखी पुढच्या दिवशी आम्ही साम्रद गावाजवळची सांदण दरी पाहिली. येथे जमिनीला जणू एक चीर पडली आहे. दोन्ही बाजूंना 200 फुटांहून अधिक उंच सरळ भिंती, मध्ये काही ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडे टेकावेत एवढी अरुंद वाट, तळाशी छातीइतक्या पाण्याच्या कुंडी, आणि पुढे महाकाय शिळांचा उतार जो दोराच्या टप्प्यांनी शेवटी कोकणातल्या डेहणे गावाच्या बाजूला सोडतो. सूर्याचे किरण तळापर्यंत दिवसातून थोडाच वेळ पोहोचतात. दरीच्या मुखाशी उभे असता बाबांनी काठीने पूर्वेकडे दाखविले आणि मग पश्चिमेकडे. येथून थोड्या अंतरावर पडणारे पावसाचे दोन थेंब, एक कड्यावरून कोकणात उतरून पश्चिम समुद्राला जाणारा आणि दुसरा प्रवरेतून, गोदावरीतून, पैठणाहून पुढे आमच्या शिवारापाशी येऊन पूर्व समुद्राकडे निघणारा; आणि त्यांची ताटातूट होण्याचे कारण एखाद्या दगडाचा उतार. ही सरहद्द कोणत्याही नकाशातील रेघेपेक्षा मला अधिक खरी वाटली. घाटघर येथे तर माणसानेही या कड्याचा उपयोग करून घेतला असून वरच्या धरणातले पाणी खालच्या धरणात सोडून आणि पुन्हा वर चढवून 250 मेगावॉटचे वीजकेंद्र तेथे चालते.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही, परंतु त्यातील एक प्रसंग मला विशेष भावतो. फ्रान्समध्ये व्हेर्दों नदीची प्रचंड दरी कोणी आरपार पाहिलेली नव्हती. 1905 साली एदुआर-आल्फ्रेद मार्तेल या गुहासंशोधकाने ती तळातून पार केली. मार्तेल विख्यात होता, त्याच्यामागे सरकारी हुकूम आणि सामग्री होती. तरी त्याने आपल्याबरोबर इझिदोर ब्लां नावाचा एक स्थानिक मनुष्य घेतला, जो जवळच्या खेड्यात शाळामास्तर होता आणि त्या दरीचे कोपरे जाणत होता. म्हणजे या साहसाच्या आरंभीही शास्त्र आणि स्थलज्ञान हातात हात घालूनच चाललेले दिसतात. आपल्याकडे घाटवाटांनी मीठ, धान्य आणि डाक वाहणाऱ्यांना, गडांना दाणागोटा पुरविणाऱ्यांना, आणि औषधी मुळ्यांसाठी कपारी धुंडाळणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली जी वाट, तीच आज दोराच्या साह्याने शहरातले तरुण पुन्हा शोधीत आहेत. तेव्हा वाटाड्याला त्याचा मान आणि त्याचा मेहनताना पुरेपूर मिळावा, हे सौजन्याच्याही पलीकडचे कर्तव्य आहे.

धोक्याविषयी मी स्पष्ट लिहिणार आहे, कारण प्रस्तावनाकाराने मोह दाखवावा आणि मृत्यू झाकावा हे पाप आहे. 27 जुलै 1999 रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख घळीत, वरच्या अंगाला झालेल्या वादळी पावसाचा लोंढा अकस्मात आला आणि 21 माणसे दगावली. त्यांत मार्गदर्शकही होते. आपल्याकडे 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. या दोन्ही ठिकाणी माणसे जेथे उभी होती तेथे पाणी वाढलेले नव्हते. ते वर, नजरेआड, कोणाच्या तरी डोक्यावरच्या आभाळात वाढले होते. घळीतून आभाळाची फक्त एक पट्टी दिसते, म्हणून तेथे डोळ्यांपेक्षा वाटाड्याच्या अंदाजावर विसंबावे लागते. पाणी गढूळ होणे, त्यावर पालापाचोळा वाहत येणे, गजराचा स्वर बदलणे, ही लक्षणे दिसताच उंच जागा गाठावी. आणि भर पावसाळ्यात, आभाळ भरलेले असता, किंवा दुपार कलल्यावर घळीत शिरूच नये. डोहाची खोली स्वतः तपासल्याशिवाय त्यात उडी मारणे, दारू पिऊन काठावर जाणे, आणि छायाचित्रासाठी धारेच्या कडेवर मागे मागे सरकत जाणे, यांना साहस हे नाव देऊ नये.

राज्य शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाविषयी धोरण जाहीर करून असे उपक्रम चालविणाऱ्यांना नोंदणीचे बंधन घातले, ही योग्य तजवीज झाली. परंतु कागदावरचा बंदोबस्त काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या सारासारविवेकाची जागा घेऊ शकत नाही. जेव्हा तो विवेक सुटतो तेव्हा अंधारात, पावसात, कोणताही मोबदला न घेता दोर घेऊन धावणारे लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि खोपोलीचे यशवंती हायकर्स यांच्यासारखे गट आपल्या राज्यात आहेत, याची वाचकाने कृतज्ञतेने जाणीव ठेवावी, आणि त्यांना आपल्यासाठी कधी धावावे लागणार नाही अशा बेताने वागावे.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे सारे लिहिले, तिच्याकडे येतो. अंबडच्या माणसाची पाण्याशी ओळख नेहमी त्याच्या शेवटाशी होते. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेले आणि 1976 साली इंदिरा गांधींनी राष्ट्राला अर्पण केलेले जायकवाडीचे धरण, त्याचा 208 किलोमीटर लांबीचा डावा कालवा, त्याच्या चाऱ्या, उपचाऱ्या, आणि पाळी आली की मध्यरात्री कंदील घेऊन बांधावर उभा असलेला शेतकरी, एवढेच आमचे जलविश्व. 1972 चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून काढला. 2012-13 साली या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगविताना आणि शेवटी कुऱ्हाड लावताना मी माझे शेजारी पाहिले आहेत. अशा वर्षी वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे की न सोडावे हा तंटा उभा राहतो, 2005 च्या जलनियमन कायद्यातील समन्यायी वाटपाचे कलम पुढे येते, मोर्चे निघतात, आणि प्रवरा, मुळा, गोदावरी ही नावे आमच्या तोंडी फक्त टीएमसीच्या आकड्यांसह येतात. माझी तक्रार कोणावर नाही. परंतु ज्या पाण्यासाठी आपण भांडतो त्याला जन्मताना पाहिलेले आपल्यात किती जण आहेत?

मी ते पाहिले. रतनवाडीच्या त्या निनावी ओढ्यात, ज्या धारेने मला लंबकासारखे हेलकावले तीच धार कुंडातून पुढे निघाली, भंडारदऱ्याच्या 1926 साली पुऱ्या झालेल्या धरणात विसावली, रंध्याच्या कड्यावरून सुमारे 170 फूट खाली कोसळली, नेवाशाच्या घाटाला स्पर्शून टोक्याजवळ गोदावरीस मिळाली, जायकवाडीच्या नाथसागरात आली; आणि तिचा एखादा ओंजळभर अंश का होईना, डाव्या कालव्यातून आमच्या तालुक्यातल्या मोसंबीच्या मुळाशी पोहोचणे अशक्य नाही. त्या पाण्याने वाटेत काय काय सोसले, किती कातळ झिजविला, किती उड्या घेतल्या, हे अंगावर घेतल्यानंतर मला चारीवरचा तंटा क्षुद्र वाटू लागला असे मी म्हणणार नाही, कारण तहान क्षुद्र नसते. मात्र बांधावर उभे राहून "आमचे पाणी" हा शब्द उच्चारताना आता माझी जीभ किंचित अडखळते. आणि पाण्याचा अपव्यय करणारा हात पाहिला, की त्या हाताला धरून एकदा घळीत न्यावे, असे वाटते.

या पुस्तकात वाचकाला सोळा उतरणींची वर्णने सापडतील. प्रत्येकीत ओढ्याचा उतार, टप्प्यांची उंची, दोराची लागणारी लांबी, मधून बाहेर पडण्याच्या वाटा आणि जवळचे गाव दिले आहे. दोराच्या गाठी आणि शिट्टीचे संकेत यांचे प्रकरण नवशिक्याने दोनदा वाचावे. वर्णनांची भाषा साधी आहे, क्वचित खडबडीत आहे, आणि ती तशीच राहू द्यावी असा मीच आग्रह धरला, कारण ओल्या वहीत, थरथरत्या बोटांनी लिहिलेल्या वाक्याला जो खरेपणा येतो तो मागाहून केलेल्या घोटाईने निघून जातो. पुस्तक वाचून कोणी एकट्याने दोर खांद्यावर टाकू नये. हे पुस्तक वाटाड्याचे स्थान घेण्यासाठी लिहिलेले नाही, वाटाड्याकडे कसे जावे आणि त्याच्यामागून कसे चालावे हे सांगण्यासाठी लिहिले आहे.

परत आल्यावर एके संध्याकाळी मी आमच्या बारवेत उतरलो. पायऱ्यांच्या सांध्यांत गवत माजले आहे, कोपऱ्यात कचरा साठला आहे, आणि पाणी आईच्या काळापेक्षा बरेच खाली गेले आहे. त्या चौघांनी ठरविले आहे, की पुस्तकाच्या विक्रीतून जे काही उरेल ते या पायऱ्यांच्या साफसफाईस लावावे. आणि ज्या हातांना आता दोर धरण्याची सवय झाली आहे, त्याच हातांनी येत्या फाल्गुनात गाळ उपसावा. दोर, टोपल्या आणि शिरस्त्राणे तयार आहेत. मीही शेवटल्या पायरीवर असेन.

अंबड,
दत्तजयंती